वहिनीच्या नावावर माझा चेहरा

८ जुलै

आईने आज देवासमोर माझ्याकडून शपथ घेतली की ही गोष्ट तोंडातून काढायची नाही. लिहायचं नाही असं काही ती म्हणाली नाही, म्हणून लिहिते. तिला लिहिता येत नाही, त्यामुळे ते तिच्या ध्यानात आलं नसावं.

वहिनीला तिसरा महिना लागला आहे. तिच्या माहेरचे सोडले तर घराबाहेर कोणाला माहीत नाही. मागच्या वर्षी दुसऱ्याच महिन्यात आख्ख्या गावाला कळलं होतं आणि मग पंधरा दिवसांत सगळं संपलं. आईच्या मते दृष्ट लागली. डॉक्टर काय सांगत होते ते तिने नीट ऐकूनही घेतलं नाही. या वेळी सातव्या महिन्यात ओटी भरेपर्यंत ना कोणाला सांगायचं, ना वहिनीला कोणासमोर न्यायचं, असं तिने ठरवून टाकलं आहे.

आणि नेमकी आज टॅबवाली आली. तेलंगणा सरकारची नवी योजना आहे, प्रत्येक घराची तब्येत टॅबमध्ये भरायची. मुलगी निर्मल जिल्ह्याकडची, नाव सौजन्या. तेलुगू बोलते, हिंदी येते, मराठीचे चार शब्द. गावात ती कोणालाच ओळखत नाही. आई म्हणाली, घरात तसं कोणी नाही. पण गोपाल भाऊ मध्येच बोलला, बायको गरोदर आहे. टॅबमध्ये नंबर पडला तर आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाला अडचण येत नाही, असं त्याने कुठूनसं ऐकलं होतं. सौजन्या म्हणाली, छान, बोलवा त्यांना, फोटो घ्यायचा आहे.

आईचा चेहराच उतरला. मला आत ओढून म्हणाली, "पोटुशीचा फोटो काहाडत नसतात. मशिनीत गेला म्हंजे कोण कोण पाह्यते, कोणाले मालूम? तू बस."

"मी काऊन बसू?"

"तू बसली तं का झिजते? तुले का पोट हाय, दृष्ट लागाले?"

वहिनी मागे कपडे धूत होती. आईने तिचंच लुगडं माझ्या डोक्यावरून पांघरलं. मंगळसूत्र मात्र घातलं नाही, कुमारिकेच्या गळ्यात ते कसं घालणार? खोटं बोलायचं, पण तेवढं नाही. पदर गळ्याशी घट्ट धरून बसायला सांगितलं. आधारवरचा वहिनीचा फोटो इतका काळा आला आहे की त्यात मी काय, आमची म्हैससुद्धा खपली असती. सौजन्याने टॅब समोर धरला, म्हणाली, "अक्का, आँख झपकाओ." मी डोळे मिचकावले आणि हिरवी खूण आली.

तर आता सरकारच्या लेखी मी माझ्या भावाची बायको आहे आणि मला तिसरा महिना आहे. संध्याकाळपर्यंत हसू येत होतं. आता येत नाही.

६ ऑगस्ट

मला वाटलं होतं, एकदा फोटो दिला की सुटले. तसं नाही. टॅब दर महिन्याला चेहरा मागतो. चेहरा जुळला तरच पुढचं पान उघडतं. म्हणजे मी बसले तरच वहिनीचं पान उघडणार. मी हळूच विचारलं, फोटो बदलता येतो का? सौजन्या म्हणाली, येतो, पण आदिलाबादच्या हापिसात जावं लागतं, का बदलायचा ते लिहून द्यावं लागतं, साहेब चौकशी करतात. आई दारातून माझ्याकडे बघत होती. मी दंड पुढे केला.

दंडाला पट्टा बांधला, बोटाला सुई टोचली, वजन केलं. मग प्रश्न. डोकं दुखतं का, पाय सुजतात का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. मी नाही नाही म्हणत गेले, कारण मला यातलं काहीच होत नाही. मग टॅब म्हणाला की पुढचे प्रश्न एकटीला विचारायचे. सौजन्याने आईला बाहेर जायला सांगितलं. आई म्हणाली, "मी सासू हाय, मायसारखीच. मायसमोर काय लपवाचं?" आणि उंबऱ्यावरच बसून राहिली.

सौजन्या बिचारी ओशाळली. आवाज बारीक करून म्हणाली, "अक्का, घर में कोई मारते क्या? डराते क्या?"

मला हसूच आलं. आईलाही आलं. मी म्हटलं, नाही बाई, कोण मारणार? सौजन्याने नाहीवर बोट ठेवलं. तेवढ्यात आतून काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. वहिनी पोळ्या करत होती.

नंतर भावाच्या मोबाइलवर निरोप आला, तेलुगूत. शाळेत तेलुगू वाचायला शिकले त्याचा हा उपयोग. चैत्राली, म्हणजे वहिनी, यांची तब्येत उत्तम आहे, अशीच काळजी घेत राहा. भाऊ खूश झाला. मीच वाचून दाखवलं आणि मीही खूश झाले. उत्तम तब्येत माझी आहे हे दोघांच्याही लगेच लक्षात आलं नाही.

१४ ऑगस्ट

भाऊ वहिनीला आदिलाबादला खाजगी डॉक्टरणीकडे सोनोग्राफीला घेऊन गेला होता. बाळ व्यवस्थित आहे. डॉक्टरीण म्हणाली, बीपी जरासं वर आहे, मीठ कमी करा, पंधरा दिवसांनी परत दाखवा.

घरी आल्यावर भावाने आईला मोबाइल दाखवला. "इथं तं बरोबर हाय म्हून लिवलं हाय. त्या बाईले घडीघडी पेशंट पायजे."

आई म्हणाली, खरंच. मी म्हटलं, पण तो निरोप माझा आहे. भाऊ माझ्याकडे असा बघायला लागला की मी पाणी आणायला उठले. पण तो वाईट नाही. कॉलेजच्या बसचा पास त्यानेच काढून दिला, गावातले लोक नावं ठेवत असताना.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. बैल सजवले, पुरणपोळ्या झाल्या. आज सकाळी पाहते तर वहिनीच्या उजव्या हातात एकही बांगडी नाही, डावीकडे मात्र सगळ्या हिरव्यागार. विचारलं तर म्हणाली, उंबरठ्याला हात आपटला. सणाच्या दिवशी काकणं फुटली म्हणून आईने तिलाच बोल लावले. मी माझ्यातल्या चार दिल्या. मनगटावर ओरखडे होते, काचेचेच असणार. हळद लावून दिली.

पोळ्याला भाऊ थोडा जास्तच घेऊन आला होता. सणावाराला घेतो.

१० सप्टेंबर

पैनगंगेला पूर आला होता, म्हणून सौजन्या उशिरा आली. मनात म्हणत होते, येऊच नये. आली.

पाचवा लागला आणि माझं पोट सपाट. आईने त्यावर तोड काढली. जुन्या लुगड्याची घडी करून पोटाला बांधली. वजन वाढलं नाही तर टॅब तांबडी खूण दाखवतो असं सौजन्या मागे म्हणाली होती, म्हणून घडीत तराजूचं दोन किलोचं वजन ठेवलं. मी उठताना, बसताना हळूहळू, कमरेला हात लावून. आई म्हणाली, आता खरी गरोदर वाटतेस. मला रडू येत होतं आणि ती मात्र खूश.

सौजन्याने हिरवी खूण बघितली आणि टाळी वाजवली. म्हणाली, सगळ्या गावात तुमचं पान सर्वात चांगलं आहे, अक्का. त्या वेळी वहिनी मागच्या खोलीत पाय लोंबकळत सोडून बसली होती. पायांवर सूज आहे. दिवसभर उभं राहिल्यावर येते असं आई म्हणते, तिलाही यायची म्हणे.

मला भीती वाटते. कशाची ते नीट सांगता येत नाही. वहिनीचं काही होईल याची आहेच, पण पकडले गेलो तर पोलीस येतील, माझं कॉलेज सुटेल, चारचौघांत माझ्याबद्दल काय बोलतील, याचीही आहे. आणि खरं सांगायचं तर ही दुसरी भीती जास्त आहे. वाईट वाटतं, पण आहे.

९ ऑक्टोबर

पुन्हा तेच. घडीत आता अर्धा किलो वाढला.

वहिनीला दोन दिवसांपासून डोकं दुखतं. भावाने मोबाइल काढून दाखवला, "हे पाह्य. डोकेदुखी नाही, सूज नाही, अंधारी नाही. नाटकं कमी करजो." त्याला वाचता येत नाही ते तेलुगू, मागच्या महिन्याचा निरोप मीच वाचून दाखवला होता, तो त्याने पाठ केलाय. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. नुसती बघत राहिली, जशी कोणी परकी बाई बसमध्ये बघते.

प्रश्नांना नाही मीच म्हटलं होतं.

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आज वहिनीचे वडील बाबाराव नदीपलीकडून तिला न्यायला आले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच, हे ठरलेलं. वहिनीने पहाटेच पिशवी भरून ठेवली होती. तिला इतक्या घाईने काही करताना मी वर्षभरात पाहिलं नाही.

पण भाऊ म्हणाला, "नंबर इथला हाय, मामंजी. तिकडं महाराष्ट्रात गेली तं हा नंबर चालत नाही. समदं इथं मशिनीत भरलेलं हाय, तिथं कोणाले काय समजन?"

बाबाराव गरीब माणूस. मशीन म्हटल्यावर काय बोलणार? त्यांनी वहिनीला विचारलं, "पोरी, तुले येवाचं हाय का?" वहिनीने पिशवीचा बंद हाताला गुंडाळून घेतला होता. भाऊ तिच्याकडे बघत होता. ती म्हणाली, "राहू द्या, बाबा. इथंच बरं हाय."

जाताना बाबारावांनी मला हात जोडले. म्हणाले, तू शिकलेली हाय, ध्यान ठेवजो. मी नदीकडे जाणाऱ्या वाटेपर्यंत त्यांना सोडायला गेले. सांगून टाकावं असं दहादा वाटलं. शपथ आठवली. आता वाटतं, शपथ तर निमित्त आहे.

८ नोव्हेंबर

ओटी भरली, पण घरातल्या घरात. आईने कोणाला बोलावलं नाही, तिचं ठरलेलं होतं ते तिनेच मोडलं. आता म्हणते, निभेपर्यंत कशाला कोणाला दाखवायचं? वहिनीचा चेहरा सुजल्यासारखा वाटतो. हातातली अंगठी निघत नाही. आई म्हणते, बाळसं धरलंय.

कपाशी फुटली आहे. वेचणीला माणसं मिळत नाहीत, म्हणून वहिनी अजून शेतात जाते. बाबा एकदा म्हणाले, "आता तिले घरी बसू द्या." आमचे बाबा महिन्याकाठी एखादं वाक्य बोलतात. भावाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बाबांचं त्या महिन्याचं वाक्य संपलं.

१० नोव्हेंबर

सौजन्या येऊन गेली. मी एक युक्ती केली. डोकं दुखतं का विचारल्यावर हो म्हटलं. पाय सुजतात का, हो. अंधारी येते का, हो. वाटलं, तांबडी खूण आली की दवाखान्यात नेतील, मग वहिनीला कसंही करून तिथे नेता येईल. आई उंबऱ्यावरून डोळे वटारत होती. मी तिकडे बघितलंच नाही.

सौजन्या घाबरली. तिने माझे पाय दाबून बघितले. सपाट, वाळलेले. पट्टा परत बांधला. बीपी एकदम चांगलं. मग ती हसली, माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "डर लगता है ना अक्का? पहली बार सबको लगता." आणि सगळ्यावर नाही दाबलं. टॅबने तिचंच खरं धरलं.

मारतं का, त्याला मी नेहमीप्रमाणे नाही म्हटलं.

 संध्याकाळी आई एवढंच म्हणाली की तुझ्यामुळे त्या पोरीची नोकरी जाईल, गरिबाच्या पोटावर पाय देशील. हे तिने नुसतं मला गप्प करायला म्हटलं हे कळतं. पण खरंही आहे.

२६ नोव्हेंबर

मी वहिनीशी बोलले. शेतात, कपाशीच्या ओळीत, आजूबाजूला कोणी नव्हतं. म्हटलं, वहिनी, आपण दोघी जैनथला जाऊ, तिथल्या सरकारी दवाखान्यात, चोरून, ऑटोने. तिथे कोणी आपल्याला ओळखत नाही.

ती वेचता वेचता म्हणाली, "टॅबात तुमचा चेहरा हाय. मी कोण हाय म्हून सांगू?"

"नुसतं तपासून घेऊ. नंबर नाही द्यायचा."

"आन् घरी समजलं तं?"

"मी आहे ना."

यावर ती हसली. वहिनी हसते तेव्हा छान दिसते, पण हे तसं हसणं नव्हतं. म्हणाली, "तुमी कॉलेजले जाता, चंदाताई. दिवसभर घरी मी असतो." आणि पुढच्या झाडाकडे सरकली. तिच्या मानेवर, पदराखाली, पिवळा पडलेला डाग होता. कपाशीच्या बोंडाचं टोक लागलं असेल असं मी मनाशी म्हटलं. बोंडाचं टोक मानेला कसं लागेल हे घरी येऊन सुचलं. मग पुढचा विचार केला नाही.

३ डिसेंबर

लिहायचंच आहे, नाहीतर डोकं फुटेल. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले आहे.

सकाळी सौजन्या आली. मी पदर घेऊन, वजन बांधून बसलेली. चेहरा जुळला. पट्टा दंडावर चढवला, तो फुगायला लागला. आणि मागच्या खोलीत धप्पकन काहीतरी पडलं.

सौजन्याने मान वर केली. "क्या गिरा, अम्मा?"

आई म्हणाली, "हंडा पडला असन. तुमी करा तुमचं."

हंडा पडल्यावर वाजतो. हे वाजलं नव्हतं. मग आतून घोरल्यासारखा आवाज आला, आणि थांबला. आईने तो ऐकला, मी तिच्या तोंडावरून ओळखलं. तरी ती उंबऱ्यावरून उठली नाही. माझ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली, नाही अशी. तेव्हा मला आईची जेवढी भीती वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती. ती वाईट म्हणून नाही. ती इतकी घाबरली होती की तिला उठताच येत नव्हतं, म्हणून.

मी पट्टा ओढून काढला. उठले तशी घडी सुटली आणि वजनं फरशीवर आपटली. सौजन्या त्यांच्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "मैं चैत्राली नहीं हूँ. उसकी ननद हूँ. चैत्राली अंदर है." आयुष्यात एवढी छोटी हिंदी मी कधी बोलले नसेन.

वहिनी चुलीपाशी पडली होती. डोळे उघडे, पण बघत नव्हती. तोंडाला फेस. सौजन्याने तिला कुशीवर वळवलं, पट्टा बांधला. आकडा आला तो बघून तिने तेलुगूत देवाचं नाव घेतलं. एकशेऐंशीच्या वर. टॅब मध्येच चेहरा मागायला लागला, तिने सवयीने तो वहिनीसमोर धरला, आणि त्यावर आलं, चेहरा जुळत नाही. तिने टॅब पिठाच्या डब्यावर टाकून दिला आणि एकशेआठला फोन लावला.

भाऊ शेतातून धावत आला. पहिलं वाक्य, "मागच्या महिन्यात तं समदं बरोबर होतं." मला इतका राग आला की मी ओरडले, "ते माझं होतं." गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे.

गाडीत वहिनीला पुन्हा झटका आला. मी तिचे पाय धरून बसले होते. बोट दाबलं तिथे खड्डा पडत होता आणि भरत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सौजन्याच्या टॅबमधली जुनी नोंद बघितली, म्हणाले, हे तर सगळं नॉर्मल आहे, अचानक कसं?  मी सांगितलं, सगळ्या महिन्यांचं बीपी माझं, रक्त माझं, रक्तगटसुद्धा माझा.  डॉक्टरांनी ते सगळं बाजूला सारलं, नर्सला म्हणाले, काहीच माहीत नाही असं समजून पहिल्यापासून तपासा, रक्तगट ताबडतोब.

वहिनीचा गट वेगळा निघाला. आत नेलं आहे. दार बंद आहे.

४ डिसेंबर

मुलगी झाली. दीड किलोसुद्धा नाही. काचेच्या पेटीत ठेवली आहे. वहिनी शुद्धीवर आलेली नाही. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस काही सांगता येत नाही. बाबाराव आले आहेत. माझ्याशी बोलत नाहीत. बरोबर आहे.

६ डिसेंबर

वहिनीने डोळे उघडले. पाणी मागितलं. मी व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले आणि मग दोन कप चहा प्याले.

आई पेटीजवळ जात नाही. दृष्ट लागेल म्हणते. कोणाची, विचारलं, तर म्हणाली, "माहीच." तिच्याजवळ बसावंसं वाटलं, पण बसले नाही.

९ डिसेंबर

सौजन्या आली. तिच्यावर चौकशी लागली आहे. मी लिहून दिलं आहे की तिला फसवलं, तिची चूक नाही. कितपत उपयोग होईल माहीत नाही. तिने मला दोष दिला नाही, पण अक्काही म्हटलं नाही. साहेबांनी तिलाच पाठवलं होतं, वहिनीचं पान पुसून नव्याने भरायला. या वेळी चेहरा वहिनीचा.

वहिनी उशीला टेकून बसली. चेहऱ्यावरची सूज उतरली आहे, गालफडं वर आली आहेत. डोळे मिचकावले. नवीन पान उघडलं. मग ते सगळे प्रश्न पहिल्यापासून. डोकं दुखायचं का, हो. सूज, हो. अंधारी, हो. एकेक हो ऐकताना मला वाटत होतं की फरशी दुभंगावी आणि आपल्याला आत घ्यावं.

भाऊ दाराशी डबा घेऊन उभा होता. सौजन्या उठली, म्हणाली, "भैया, थोडा बाहर." आज तिचा आवाज बारीक नव्हता. आईही गेली. मीही उठले, कारण एकटीला विचारायचं असतं हे आता मला पाठ आहे.

वहिनी म्हणाली, "ताई, तुमी बसा. माह्या जागी तुमीच उत्तर देत होत्या. आता आयकून घ्या."

मी बसले.

सौजन्याने विचारलं, "अक्का, घर में कोई मारते क्या?"

वहिनीने उत्तर द्यायला अजिबात वेळ लावला नाही. जणू कित्येक महिने ती ते तोंडात धरून बसली होती.

"हो," ती म्हणाली. "पोळ्याले मारलं. दिवाळीनंतर बाबा गेले तवा मारलं. डोकं दुखते म्हटलं तवा, मशीन बरोबर सांगते आन् तू खोटी, म्हून मारलं. मागच्या वर्षीचं पोर का दृष्टीनं गेलं? लाथ पोटात बसली होती."

सौजन्याला सगळी मराठी समजली नसेल. तिने माझ्याकडे बघितलं. जुन्या पानावर, दर महिन्याला, माझ्याच तोंडचं नाही लिहिलेलं होतं. आता मी काय म्हणते यावर ती थांबली होती. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती.

बसचा पास आठवला. लहानपणी भाऊ मला खांद्यावर बसवून पैनगंगेच्या पाण्यातून न्यायचा ते आठवलं.  हो म्हटलं तर बाहेर उभा असलेला माझा एकुलता एक भाऊ उद्या पोलिसात जाणार, आई मला घरात घेणार नाही. नाही म्हटलं तर तो वहिनीला आणि पेटीतल्या त्या मुठीएवढ्या पोरीला घरी घेऊन जाणार.

मी सौजन्याला हिंदीत सांगितलं की वहिनी जे म्हणते ते सगळं खरं आहे, आणि त्याच्या खुणा मी पाहिलेल्या आहेत. पाहूनही नाही म्हणत होते, हेही लिहा म्हटलं.

ती लिहीत असताना भावाने दार ढकलून मुंडकं आत घातलं. "चंदे, झालं का वं? डबा थंडा होऊन राह्यला."

मी उठले. डबा त्याच्या हातातून घेतला, दार लोटलं आणि आतून कडी लावली.